औषध डॉक्टर लिहितात, मग परिचारिकेने काय शिकायचे?

प्रश्न : अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंचा विषय नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना किती शिकवावा?

उत्तर : भरपूर, आणि वर्गापेक्षा वॉर्डात. अशा जंतूंमुळे २०१९ साली जगात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. औषध डॉक्टर लिहितात हे खरे. पण कल्चरसाठी रक्त बहुधा परिचारिकाच घेते. ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसानंतर घेतले, तर जंतू उगवेलच असे नाही. मग व्यापक मारा करणारे औषध अंदाजानेच चालू राहते आणि अशा जंतूंना वाव मिळतो. डोसाची वेळ, हातांची स्वच्छता, गरज संपलेला कॅथेटर हेही तिच्याच नजरेखालचे. अभ्यासक्रम आधीच गच्च आहे, हा आक्षेप रास्त. म्हणून वेगळा पेपर नकोच. प्रत्येक प्रात्यक्षिकात त्या कृतीचा या जंतूंशी असलेला संबंध सांगा आणि कल्चरचा रिपोर्ट आल्यावर ‘औषध बदलायचे का?’ हे डॉक्टरांना विचारायचा सरावही करून घ्या.