पहिलं चलान शेवटचं ठरावं म्हणून

रांजणगावात कंपनीला गाड्या लावणारे बरेच आहेत, त्यांतला मी एक. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे अधिकारी आणि कामगार वाघोलीकडून, शिरूरकडून आणायचे आणि पाळी सुटली की परत सोडायचे, हा आमचा धंदा. या धंद्यातल्या ड्रायव्हरला दंडाचं फारसं भय नसतं. रक्कम जड जाते, पण उसनंपासनं करून भरता येते. भय असतं ते लायसनचं. लायसन अडकलं की कंपनीच्या गेटवर नाव अडतं, दुसरा मालक गाडी हातात देत नाही आणि घरचा हप्ता थकतो. म्हणून वेगाचं पहिलं चलान पडलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्याला चुकीचा सल्ला पटकन पटतो. माझ्या एका ड्रायव्हरच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं. त्या वेळी कायद्याची जी माहिती शोधावी लागली, ती इतरांना आयती मिळावी म्हणून हे लिहितो आहे.

गाडी माझ्या नावावर, त्यामुळे मेसेज माझ्या मोबाइलवर आला. फलकावर ताशी ६०ची मर्यादा होती आणि यंत्राने वेग ७८ नोंदवला होता. ड्रायव्हर घोड नदीकाठच्या गावचा, वयाने लहान पण कामाला चोख. त्याचा पहिला प्रश्न होता, "अण्णा, लायसन जाणार का ओ?" संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या मंडळींनी त्याला तीन सल्ले दिले होते. एकाचं म्हणणं, भरूच नको, लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. दुसऱ्याने एजंट सुचवला, तो म्हणे 'सिस्टीममधून नाव काढून' देतो. तिसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल पुढे पाठवली, ती उघडली की चलान दिसेल म्हणाला. हे तिन्ही सल्ले घातक आहेत.

फाइलचं आधी सांगतो, कारण त्यातलं नुकसान तासाभरात होतं. 'आरटीओ चलान' अशा नावाची, शेवटी 'एपीके' असलेली फाइल मोबाइलवर पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार राज्यभर घडले आहेत. चलान पाहायला कुठलीही फाइल घ्यावी लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर जायचं, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते पाहायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. आरसीवर ते असतात. तिथे दिसेल तेच खरं. एजंटाबद्दल एवढंच की सरकारी नोंदीतून चलान काढून टाकण्याचा अधिकार त्याला नाही. फार तर तो तुमचे पैसे घेऊन तुमचाच दंड भरतो आणि वरची रक्कम खिशात घालतो.

आधी चलान नीट वाचा

चलान भरण्याआधी ते तपासून पाहणं हा तुमचा हक्क आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. कॅमेरा, स्पीड गन यांसारख्या यंत्रांवरून जे चलान होतं, त्याला हा नियम लागू आहे. नोटिशीत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो हवा, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी. यंत्राला राज्याच्या अधिकृत यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेऱ्याचा टप्पा सुरू होण्याआधी तशी सूचना देणारा फलकही लावायचा असतो.

तेव्हा फोटो मोठा करून पाहा. नंबर तुमचाच आहे का? गाडीचा रंग आणि मॉडेल जुळतं का? त्या वेळी गाडी त्या रस्त्यावर होती का? एका आकड्याच्या फरकाने दुसऱ्याचं चलान आपल्या नावावर येऊ शकतं, आणि बनावट नंबर प्लेट लावून फिरणाऱ्या गाड्याही असतात. काही जुळत नसेल तर पैसे भरू नका. त्याच संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. सोबत आरसीची प्रत, गाडीचे फोटो, त्या वेळची कंपनीच्या गेटवरची नोंद, टोलची पावती, जीपीएसचा तपशील, जे असेल ते जोडा. दाद मिळाली नाही तर न्यायालयाचा मार्ग खुला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की 'मला गाडी वेगात वाटली' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी धरता येत नाही. ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं.

आमच्या प्रकरणात फोटो स्वच्छ होता, नंबर आमचा होता आणि वेळ सकाळच्या पाळीची होती. तिथे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

भरल्याने काय मिटतं आणि काय मिटत नाही

हलक्या मोटारीने वेगमर्यादा ओलांडली तर कलम १८३ प्रमाणे १ हजार ते २ हजार रुपये दंड आहे. मध्यम आणि अवजड प्रवासी किंवा मालवाहू गाड्यांना तो २ हजार ते ४ हजार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे आले आणि आपल्या राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले. याच कलमात पहिल्या आणि नंतरच्या गुन्ह्यांत भेद केला आहे. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर तोच गुन्हा घडला तर लायसन जप्त करण्याची तरतूद आहे.

तडजोडीचा दंड भरला की कलम २०० प्रमाणे त्या गुन्ह्याबद्दल पुढचा खटला चालत नाही. कोर्टात उभं राहावं लागत नाही, दोषी ठरल्याचा शिक्का बसत नाही. पहिल्या चलानात तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: खरं असेल तर लगेच भरा, पावती उतरवून घ्या आणि जपून ठेवा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकायला मिळतं की तिकडे वर्गाला बसलं की पहिलं तिकीट नोंदीवर येत नाही. आपल्याकडे पहिलं चलान पुसून टाकण्याची तशी सोय नाही. चलानाची नोंद राहते, पण 'भरलं' अशी राहते. न भरलेलं चलान मात्र गाडीच्या नावावर उघडं दिसत राहतं आणि गाडी विकताना, नावावर करताना नेमकं आडवं येतं.

लोकअदालतीची वाट पाहत बसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. लोकअदालत ही चांगली सोय आहे आणि तिथला निवाडा अंतिम असतो, पण सवलत मिळेलच असं वचन कुणी दिलेलं नाही. दरम्यान त्याच गाडीवर दुसरं, तिसरं चलान पडलं की 'पहिल्यांदाच झालं' हे सांगण्याची सोय उरत नाही.

लायसन घेतलं गेलं तर

दंड भरला म्हणजे लायसनचा प्रश्न आपोआप संपतो, असं समजू नका. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर पडतं. पण महामार्गावर पोलिसांनी थांबवून कारवाई केली तर ड्रायव्हरचं लायसन पाहिलं जातं. वेगाच्या गुन्ह्यात कलम २०६ प्रमाणे ते जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवता येतं. कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं आणि पुन्हा तेच घडलं तर लायसन रद्द होऊ शकतं. दंड भरल्याने ही कारवाई टळत नाही, असं कलम २०० मध्येच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्ये राज्यांना बजावलं होतं की अतिवेगासाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करावं.

पण त्याआधी ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. इथेच बरेच जण गाफील राहतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, कुणी हजर राहत नाही आणि एकतर्फी निर्णय होतो. म्हणून लायसनवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर आजच दुरुस्त करून घ्या. लायसन जप्त झालं तर पोलिसांकडून पोच घ्या. पण पोच हातात असली तरी लायसन परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही. सुनावणीला स्वतः जा आणि दंडाची पावती, आजवरची स्वच्छ नोंद, मालकाचं पत्र सोबत न्या. जे घडलं ते सरळ सांगा. निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत मदतीचा हक्क आहे.

गाडीमालकांसाठी

गाडी कोण चालवत होतं हे विचारल्यावर सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. माझ्याकडे प्रत्येक गाडीत वही असते: तारीख, वेळ, ड्रायव्हरचं नाव, सही. घरच्या गाडीलाही हा नियम लावावा. पुतण्याने लग्नाला गाडी नेली, मित्राने रात्री मागून नेली, आणि महिन्याने चलान आलं की कोण होतं ते कुणालाच आठवत नाही. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. अनेकांना पहिलं चलान कळतं तेव्हा खाली आणखी चलानं साचलेली असतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या मुलाचा वेग का वाढला, हे मी शांतपणे विचारलं. वाघोलीत आणि शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकायची. तिथून सुटली की रस्ता मोकळा, आणि गेटवर उशिराची नोंद होऊ नये म्हणून गेलेला वेळ तो त्या टप्प्यात भरून काढायचा. म्हणजे वेग त्याच्या पायात नव्हता, कंपनीने दिलेल्या पिकअपच्या वेळापत्रकात होता. कलम १८३ यावरही बोलतं. नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला मर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाराही त्याच दंडाला पात्र आहे. मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक कुणी दिलं असेल, तर तेच त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. हे कलम छापून घेऊन मी कंपनीच्या प्रशासन विभागात गेलो. बोलणं सोपं नव्हतं, पण पिकअप लवकरचा झाला. त्या मार्गावर त्याला आता घाई करावी लागत नाही. ट्रिपा घेणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने आणि मालकाने हे कलम माहीत करून घ्यावं, आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनीही.

घाईचा हिशोबही करून पाहा. २० किलोमीटर अंतर ताशी ६०ने २० मिनिटांत जातं, ७८ने साधारण साडेपंधरा. वाचली साडेचार मिनिटं, तीही पुढच्या एका कोंडीत जातात. या साडेचार मिनिटांसाठी गाडी सेकंदाला सुमारे १७ ऐवजी २२ मीटर पुढे सरकते आणि धडकेचा जोर जवळपास १.७ पट होतो. आपला रस्ता कसा आहे ते आपल्याला कुणी सांगायला नको. महागणपतीचं देऊळ महामार्गाला लागून आहे. संकष्टीला, गणेशोत्सवात म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया रस्ता ओलांडत असतात. पाळी सुटली की कामगारांचे लोंढे येतात. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात पुढ्यात उभ्या राहतात. वेगाची मर्यादा या माणसांसाठी आहे.

त्या मुलाचं लायसन आज त्याच्या खिशात आहे. चलान खरं होतं, म्हणून त्याच दिवशी भरलं. पोलिसांनी थांबवलेलं नव्हतं, त्यामुळे लायसनची कारवाई झाली नाही, आणि वेळापत्रक बदलल्यामुळे दुसरं चलान आलं नाही. माझं सांगणं एवढंच: चलान आलं तर तपासा, चुकीचं असेल तर हक्काने भांडा, खरं असेल तर लगेच भरा, आणि ज्या कारणाने वेग वाढला ते कारण काढून टाका. तेवढं केलं तरच पहिलं चलान शेवटचं ठरतं.