चंद्रावरील वस्ती आणि कान्हेरीची पोढी

चांद्रयान-३ मोहिमेतील विक्रम अवतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर अलगद उतरला आणि आमच्या वर्गातील प्रश्नांचे स्वरूप पालटले. तोवर मुले विचारीत, चंद्रावर पाणी आहे का? आता ती विचारतात, तेथे राहायचे कसे? सन २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठविण्याचे उद्दिष्ट देशाने ठरविले आहे. आज वसतिगृहात निजणारी मुले तेव्हा ऐन उमेदीत असतील. म्हणून हा प्रश्न आम्ही इतिहासाच्या तासालाही टाळला नाही. मुळात तो वस्ती वसविण्याचा प्रश्न आहे आणि वस्ती कशी टिकते व कशी मोडते, हे इतिहासाइतके कोणी पाहिलेले नाही.

प्रथम परिस्थिती पाहू. चंद्रावर हवा नाही. तेथील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तितकीच दीर्घ. विषुववृत्ताजवळ दुपारी तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, रात्री उणे १३० अंशांपर्यंत उतरते. वातावरणाचे व चुंबकीय क्षेत्राचे कवच नसल्याने विश्वकिरण थेट पृष्ठभागावर आदळतात. या किरणांचा माग आपल्या मुंबईतही घेतला गेला आहे. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रनमुन्यांतील खनिजकणांवर विश्वकिरणांनी उमटविलेल्या सूक्ष्म रेषांचा अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. देवेंद्र लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केला. ज्या किरणांनी दगडावर रेषा ओढल्या, ते माणसाच्या देहाची गय करणार नाहीत.

मग निवारा कोठे घ्यावा? शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, मातीखाली किंवा खडकाच्या पोटात. विक्रमवरील उपकरणाने चांद्रमातीत तापमापक खुपसला, तेव्हा पृष्ठभागी पन्नास अंशांच्या वर असलेले तापमान अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर उणे दहा अंशांच्या आसपास आढळले. म्हणजे ही माती उत्तम उष्णतारोधक आहे. तिचा दोन-तीन मीटर जाडीचा थर घरावर दिल्यास किरण आणि तापमान या दोहोंपासून पुष्कळ संरक्षण मिळेल. चंद्रावर प्राचीन लाव्हाच्या प्रवाहांनी मागे ठेवलेली विवरेही आहेत. शांतिसागरातील अशा एका विवराच्या सावलीत तापमान सतरा अंशांच्या आसपास स्थिर राहत असावे, असा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. सतरा अंश म्हणजे आपल्याकडची थंडीतली पहाट!

खडकाच्या पोटात राहण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शाळेच्या सहलीत ज्यांनी कान्हेरी पाहिली आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच उमगेल. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे त्या डोंगरात भिक्खू संघ नांदला. शंभराहून अधिक लेणी बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हामध्येच, खोदलेली आहेत आणि चंद्रावरचे जे काळे डाग आपण पृथ्वीवरून पाहतो तेही बेसाल्टचेच आहेत. मात्र लेण्यांचे कौतुक करताना आपण मूर्ती व स्तूप पाहतो आणि अंगणाच्या कडेचे पाण्याचे टाके ओलांडून पुढे जातो. शिलालेखांत त्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर चार महिने पाऊस धो धो कोसळतो व आठ महिने थेंब नसतो. म्हणून खडकात पन्हळी कोरून पाणी टाक्यांत उतरविले गेले. लेणे आणि पोढी यांचे दान लेखांत जोडीने येते. पाण्याचा विचार केल्यावाचून खोली खोदायची नाही, ही त्या स्थापत्याची शिस्त होती.

चंद्रावर तोच हिशेब उजेडाचा आहे. चौदा दिवस ऊन आणि चौदा दिवस अंधार, तेव्हा उन्हाची ‘पोढी’ हवी. ती विद्युतघटांची असेल किंवा छोट्या अणुभट्टीची जोड घ्यावी लागेल. दक्षिण ध्रुवाकडे सर्वांचे लक्ष लागले आहे त्याचे एक कारण हेच. तेथील काही उंच कडांवर वर्षातील बहुतांश काळ ऊन राहते, तर शेजारच्या खोल विवरांत ते कधीच पोहोचत नाही. त्या गोठलेल्या अंधारात बर्फ साठले आहे. चांद्रयान-१ वरील उपकरणाने चांद्रभूमीवर पाण्याची खूण शोधल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने एका ध्रुवीय विवरात रॉकेटचा रिकामा भाग आदळवून उडालेली धूळ तपासली, तीत वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघाले.

बांधकामाचे साहित्य तेथलेच वापरावे लागेल. पावणेचार लाख किलोमीटरांवर विटा वाहून नेणे कोणालाही परवडणारे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने व इस्रोने मिळून २०२० मध्ये चांद्रमातीसारख्या मातीपासून वीट घडविली. तिच्यात युरिया, जिवाणू आणि गवारीच्या शेंगेतून मिळणारा डिंक होता. आमच्या भोजनगृहात गवारीच्या भाजीचे ताट परत येते, त्यांनी हे ध्यानी घ्यावे! चांद्रमातीच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग ऑक्सिजनचा आहे. तो खनिजांत जखडलेला असल्याने सोडविण्यास बरीच ऊर्जा लागते. धुळीचे संकट वेगळेच आहे. वारा-पाण्याने न झिजलेले ते कण काचेसारखे धारदार असतात. अपोलो-१७ चे हॅरिसन श्मिट यांना त्या धुळीने शिंकांनी हैराण केले होते.

‘टिकाऊ वस्ती’ म्हणजे स्वयंपूर्ण वस्ती, असा समज सर्रास दिसतो. आम्हांस तो मान्य नाही. कान्हेरी कधीच स्वयंपूर्ण नव्हती. वर्षावासासाठी एका जागी थांबण्याच्या नियमातून भिक्खूंचे मुक्काम हळूहळू कायमचे झाले आणि त्यांचा भार खालच्या समाजाने उचलला. कल्याण व सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार, भिक्खुणी, गृहिणी यांची दाननावे तेथील भिंतींवर आहेत. ‘अक्षयनीवी’ म्हणजे मूळ ठेव न मोडता तिच्या व्याजावर खर्च भागविण्याची व्यवस्था होती. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील एका लेखात ठेवीचे द्रम्म कशासाठी ते नोंदले आहे: मोडतोडीची दुरुस्ती, चीवरे आणि ग्रंथखरेदी. चंद्रावरील वस्तीचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा. बांधण्याचा खर्च सारेच मांडतात, दुरुस्तीचा फार थोडे मांडतात आणि ग्रंथांचा कोणीच मांडीत नाही. खालची बंदरे व दाते क्षीण झाल्यावर डोंगरावरचे विहारही ओस पडले.

कामोठ्यात राहणाऱ्यांना हे परावलंबन समजावून सांगण्याची गरज नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा उमटला आणि खाडीकाठच्या भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले. आजही आपल्या नळाचे पाणी दूरच्या धरणातून येते. ते एक दिवस न आल्यास सहाव्या मजल्यावर काय होते, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. चंद्र हा असा सहावा मजला आहे. फरक इतकाच की तेथे टँकर मागविता येत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो संकल्पचित्रांत सहसा दिसत नाही. मैल्याचे काय? अपोलोच्या यात्रेकरूंनी आपल्या मलमूत्राच्या पिशव्या चंद्रावरच टाकल्या, त्या अजून तेथे पडून आहेत. तीन दिवसांच्या मुक्कामात ते चालून गेले, वस्तीत चालणार नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम व श्वासातील ओलावा शुद्ध करून ९८ टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळविता येते, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्या यंत्राची देखभाल अंतराळवीर स्वतः करतात, मग तो कप्तान असो वा शास्त्रज्ञ. आपल्या देशात हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये तो पुन्हा नव्याने करावा लागला आणि तरीही गटारात उतरून माणसे मरतात. ती कोणत्या वस्त्यांतली असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावे लागू नये. विनयपिटकातील चुल्लवग्गात वच्चकुटीचे, म्हणजे शौचकूपाचे, सविस्तर नियम आहेत. इतरत्र संघात ज्येष्ठतेचा मान असला तरी येथे तो नाही. जो आधी आला, तो आधी जाईल. जागा अस्वच्छ दिसली तर दिसणाऱ्यानेच ती झाडावी, पाणी संपले असेल तर भरून ठेवावे. बंदिस्त वस्तीसाठी याहून व्यवहार्य नियमावली आमच्या वाचनात नाही. मुलांच्या चंद्रवस्तीच्या आराखड्यांत आम्ही पहिल्यांदा हेच तपासतो, की साफसफाईची पाळी कोणाची लिहिली आहे. कित्येकदा तेथे ‘यंत्रमानव’ असे लिहिलेले असते. मग यंत्रमानव बिघडल्यावर कोण, हा पुढचा प्रश्न!

आणि बर्फ कोणाचे? १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. पण विवरातून काढलेले पाणी काढणाऱ्याचे, अशी मुभा अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने आपल्या कंपन्यांना दिली. कागदावर सर्वांचे आणि प्रत्यक्षात मूठभरांचे, असे पाणी आपण पाहिलेले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये संमत झाला आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो माणसे काठावर उतरली तेव्हा. त्यावरचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

चंद्रापुरता असा ठराव १९७९ च्या चांद्रकरारात आहे. चंद्र व त्यावरील साधनसंपत्ती हा सर्व मानवजातीचा सामाईक वारसा होय, असे तो म्हणतो. तो स्वीकारणाऱ्या देशांची संख्या वीसपर्यंतही पोहोचलेली नाही आणि चंद्रावर माणूस उतरविलेला एकमेव देश त्यांत नाही. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, अनुमोदन मात्र दिले नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने तयार झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात साधनसंपत्ती काढण्यास वाव ठेवला आहे. दोन्ही दस्तऐवजांची मराठी टाचणे आम्ही इयत्ता नववीसाठी केली असून ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहेत.