नाव पॉलिशचे, काम कशाचे?

प्रश्न : दुकानात कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स अशा तीन बाटल्या दाखवतात. गाडीला नेमके काय लावावे?
– एक वाचक, दहिसर (पूर्व)

उत्तर : नावापेक्षा बाटलीत घासणारे कण आहेत का, ते पाहावे. कंपाउंडमध्ये ते भरड असतात, पॉलिशमध्ये बारीक. दोन्ही रंगावरचा क्लिअर कोट झिजवतात आणि तो साधारण 40-50 मायक्रॉनच जाड असतो. साधे वॅक्स काही खरवडत नाही, वर संरक्षक थर देते.

बाटल्यांवरचे आकडेही गोंधळात टाकतात. मेग्वायर्स कंपनीचे 105 हे कंपाउंड, तर 205 फिनिशिंग पॉलिश. मेन्झेर्ना कंपनीचे 400 जोरात कापते, 3800 शेवटची चमक आणते.

ओरखडे नसतील तर पावसाळ्याआधी साधे वॅक्स पुरेसे. ‘क्लीनर वॅक्स’मध्ये मात्र सहसा सौम्य घासणारे कणही असतात, म्हणून ते वारंवार लावू नये.