वैशाखातली घरं

मला सुट्टी मिळते ती मे महिन्यात. नवरा नुकताच निवृत्त झाला होता आणि लेक नोकरीच्या गावी गेली होती. आम्ही दोघं नऊ दिवसांसाठी गाडी घेऊन पुण्यातून निघालो. आधी मंगळवेढ्याच्या बाजूचं एक खेडं, मग विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, तिथून कोल्हापूर आणि खिद्रापूर. वाटेत तीन घरी जिवाभावाची माणसं होती आणि मधे बघायच्या जुन्या इमारती. ऐकलं त्या प्रत्येकाने विचारलं, "या दिवसांत? आणि विजापुरात?" त्या नऊ दिवसांत जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. जुन्या इमारती बघायला उन्हाळा वाईट नाही.

खेड्यात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडीतला आकडा ४२ दाखवत होता. मैत्रिणीचं सासर म्हणजे माळवदाचा जुना वाडा. दिंडी दरवाज्यातून वाकून आत गेलो, ओसरी ओलांडून माजघरात पाय ठेवला आणि अंगावरून कुणी ओलं फडकं फिरवावं तसं झालं. पंखा बंद होता. वीज सकाळपासूनच नव्हती.

नवऱ्याने खिडकीच्या कोनाड्यात हात घातला. कोपर आत गेलं तरी बोटं पलीकडे पोचेनात, एवढी जाड दगडमातीची भिंत. वर सागवानी तुळया, त्यांच्यावर फळ्या, त्यावर मातीचा हातभर थर. छताला उजेडासाठी दोन भोकं. त्यातून रुपयाएवढा उजेडाचा ठिपका जमिनीवर पडलेला. मैत्रिणीच्या सासूबाई, सगळ्यांच्या आक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ठिपका उतरंडीच्या खालच्या मडक्याला लागला तशा म्हणाल्या, "चहा ठेव गं, चार वाजत आले." मी घड्याळ पाहिलं. चारला सात मिनिटं होती.

डिसेंबरात आलो असतो तर हा वाडा नुसता 'जुना, अंधारा' वाटला असता. ऐन वैशाखात आलो म्हणून भिंत एवढी जाड कशासाठी, खिडकी एवढी लहान कशासाठी आणि अंगण मधोमध का, हे कुणी न सांगता कळलं. रात्री सगळ्यांनी माळवदावरच अंथरुणं टाकली. दिवसभर तापलेली माती दहापर्यंत निवत आली होती.

२. घर दाखवायला सांगा. आणि गाडीत मोजायची टेप ठेवा.

आपण मित्रांकडे जातो, जेवतो, गप्पा मारतो आणि ज्या घरात बसलोय त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांना विचारलं, वरची माती कुठली? त्या ऐंशी पार केलेल्या, पण या प्रश्नावर खुलल्या. "पांढरीचीच लागती. काळी टाकली की फुगती, वाळली की फुटती. मिरगाच्या आधी दरसाल वर नवी टाकायची, चोपायची, उतार पन्हाळीकडं काढायचा." हे काम जाणणारा गावातला शेवटचा माणूस चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून पावसाळ्यात दोन खोल्या गळतात.

दिवाळीनंतर वाडा पाडणार आहेत. मैत्रिणीने हे चहा ओतता ओतता सांगितलं, आवाज अगदी साधा ठेवून. त्या निर्णयाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गळक्या घरात राहायचं त्यांना आहे, मी दोन रात्रींची पाहुणी. पण मनात काहीतरी खचलं. नवरा उठला, गाडीतून टेप आणली आणि मैत्रिणीच्या मुलाला दुसरं टोक धरायला लावलं. जेवणाची हाक येईपर्यंत दोघांनी ओसरी, माजघर, बळद असं सगळं मोजून वहीत उतरवलं होतं. मुलगा बारावीचा. आपलं घर किती बाय किती आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

३. मोठी वास्तू पहाटे बघा, पण ती समजून घ्या रात्री, यजमानांच्या बैठकीत.

विजापूरचा मित्र नवऱ्याचा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र. पुण्यात चार वर्षं काढल्यामुळे मराठी फर्डं. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या आईने दारातच "ऊटा आय्ता?" म्हणून जेवणाचं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताटं मांडली. कडक भाकरी, येण्णेगाई, शेंगाचटणी, दही.

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून दोन चौकोनी रुमाल काढले. एक सतरंजीवर पसरला, दुसरा त्याच्यावर तिरका ठेवला. आठ टोकांचा तारा झाला. म्हणाला, "वहिनी, आता मधे बघा." दोन चौकोनांच्या कडा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे आठ बाजूंची जागा उरली होती, जवळजवळ गोल. गोलघुमट हाच आहे. खाली चौकोनी दालन, त्याच्या भिंतींतून आठ कमानी एकमेकींना छेदत आत झुकत वर जातात आणि चौकोनाचा गोल होतो. घुमट आपल्या वजनाने बाहेर रेटत असतो. आत झुकलेल्या कमानींचं ओझं त्याला आतून आवरून धरतं. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि खाली मधे एकही खांब नाही. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये पुरी झाली.

सकाळी फाटक उघडताच आम्ही आत होतो. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून वरच्या सज्जात गेलो. अजून कुणी आलं नव्हतं. नवरा पलीकडच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याचा श्वास ऐकू आला. मग हलकेच, नेहमीच्या आवाजात, "दमलीस का?"

अर्ध्या तासाने सहलीचा घोळका आला आणि आरोळ्या सुरू झाल्या. त्यांनाही हक्क आहे, मुलं आहेत. पण पहिला अर्धा तास मिळाला नसता तर ही वास्तू म्हणजे एक मोठा गोंगाट एवढंच माझ्या लक्षात राहिलं असतं.

४. शाळेतला इतिहास विसरू नका, पण तो एकटाच सोबत नेऊ नका.

चौथीच्या पुस्तकापासून विजापूर म्हणजे आपल्याला अफझलखान धाडणारा दरबार. ते खरंच आहे. शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते, हेही खरं. आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' या आपल्या गीतांच्या ग्रंथात सरस्वतीला वंदन केलं, हेही तितकंच खरं. त्याच्या रोज्यात, म्हणजे कबरीच्या इमारतीत, खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्या आहेत. अक्षरं कोरून मधली पोकळी काढून टाकलेली, त्यामुळे उजेड आत येतो तो ओळींमधून गाळून. जमिनीवर पडलेला तो कवडसा मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मला अक्षर वाचता येत नव्हतं. भर दुपारचं ऊन या माणसांनी असं मऊ करून आत घेतलं होतं.

५. एका दिवसात तीन गावं करू नका.

हे मी अंगावर काढून शिकले. बदामीला मुक्काम होता. सकाळी पट्टदकल, दुपारी ऐहोळे, संध्याकाळी परत येऊन तळ्याकाठी, असा बेत मीच आखला होता. ऐहोळेला दुर्ग मंदिराला अर्धी प्रदक्षिणा झाली आणि डोळ्यांपुढे काळं पसरलं. घाम थांबला होता, डोकं ठणकत होतं. नवऱ्याने मला समोरच्या छोट्या दुकानाच्या सावलीत नेलं. दुकानातल्या बाईंनी एक शब्द न विचारता पंचा भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला, तळव्यांवर पाणी ओतलं आणि मीठ घातलेलं मज्जिगे, म्हणजे ताक, घोटाघोटाने पाजलं. पैसे घेतले नाहीत. आम्ही त्यांची भाषा बोलत नव्हतो, त्या आमची बोलत नव्हत्या.

म्हणून एक दिवस वाढवला, आणि तोच सगळ्यात चांगला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मेगुतीच्या टेकडीवर चढलो. तिथल्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला हरवलं ते त्यात आहेच, शिवाय ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा तो स्वामी झाला असंही म्हटलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आपल्या मुलखाचं नाव. कोवळ्या उन्हात तिरपा उजेड पडला की अक्षरं उठून दिसतात. आदल्या दिवशी दुपारी वर गेलो असतो तर नुसता तापलेला दगड दिसला असता.

खाली येऊन लाडखान मंदिर निवांत पाहिलं. तिथे पूर्वी लाडखान नावाचा माणूस राहत असे, त्याचंच नाव देवळाला चिकटलं. छपराच्या उतरत्या शिळा आणि त्यांच्या सांध्यांवर बसवलेल्या लांब दगडी पट्ट्या पाहून नवरा म्हणाला, "हे तर लाकडाचं काम, दगडात केलेलं." मला आक्कांच्या तुळया आणि फळ्या आठवल्या.

६. बांधणाऱ्याचं नाव विचारा.

कुणी बांधलं म्हटलं की राजाचं नाव येतं. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात उभारलं, तिच्या नवऱ्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. वेरूळच्या कैलासावर याच मंदिराची छाप आहे. पण तिथल्या लेखात स्थपतीचंही नाव आहे, गुंड अनिवारिताचारी. मी ते वहीत लिहून घेतलं. इब्राहिम रोज्याचा मलिक संदल. गोलघुमटासाठी घेतलं जातं ते नाव याकूत दाभोळी, म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा.

आणि ज्यांची नावं कुठेच कोरली नाहीत ते? मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा गेले, १३३८ साली. त्यांचे अभंग होते म्हणून आपल्याला ते माहीत. त्याच ढिगाऱ्याखाली आणखी कोण होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही. ही गोष्ट मला त्या गावावरून जाताना आठवली आणि मग प्रत्येक चिऱ्यापाशी आठवत राहिली.

७. दोघांनी एकच गोष्ट बघायला हवी असं नाही.

नवऱ्याला भार, कमान, सांधा. मला मूर्तीच्या हाताची बोटं. आधी यावरून कुरबुर व्हायची. बदामीला तिसऱ्या लेण्यात, शके ५०० म्हणजे ५७८ सालच्या त्या गारव्यात, आम्ही ठरवलं की तासभर वेगवेगळं फिरायचं, मग एकमेकांना एकेक जागा दाखवायची. त्याने मला ब्रॅकेट खांबाला कसा बसवलाय ते दाखवलं. मी त्याला त्याच ब्रॅकेटवर झाडाखाली एकमेकांना रेलून उभं असलेलं जोडपं दाखवलं. त्याने ते पाहिलंच नव्हतं.

८. दोन रात्री राहा. पहिली रात्र पाहुणचारात जाते, खरं बोलणं दुसऱ्या रात्री निघतं.

कोल्हापूरच्या मैत्रिणीचे यजमान गेल्या वर्षी अचानक गेले. फोन होत होते, भेट झाली नव्हती. पहिल्या रात्री तिने पांढरा-तांबडा केला, हसली, मुलांचे फोटो दाखवले. दुसऱ्या रात्री भांडी विसळताना मधेच थांबली आणि म्हणाली की घरातले दिवे ती संध्याकाळी लावतच नाही, एका खोलीपुरता असतो तेवढाच. मी काही बोलले नाही. सकाळी तिला म्हटलं, खिद्रापूरला चल. चपला घालेपर्यंत ती नाहीच म्हणत होती.

कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर, शिलाहारांच्या काळातलं. गाभाऱ्याआधी जो मंडप लागतो त्याला स्वर्गमंडप म्हणतात. १२ खांबांच्या वर्तुळावर छत उभं आहे आणि छताला मधोमध मोठं गोल आभाळ सोडलेलं आहे. बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. आम्ही पोचलो तेव्हा उन्हाची चकती त्या शिळेच्या कडेला आली होती. मैत्रीण खांबाला टेकून बसली, चप्पल नसलेला एक पाय पुढे करून तिने तो उन्हाच्या रेघेवर ठेवला, मग मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. बराच वेळ. चकती सरकत तिच्या घोट्यापर्यंत आली तरी तिने पाय काढला नाही. मला माजघरातला तो रुपयाएवढा ठिपका दिसत होता. तीच गोष्ट, तेच ऊन, फक्त इथे ते देवासाठी मोजलेलं.

परत आल्यावर नवऱ्याने वहीतली मापं मोठ्या कागदावर उतरवली. तुळया, कोनाडे, उतरंडीची जागा, छताची दोन भोकं. एक प्रत त्या वाड्याकडे पाठवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. पहिला पाऊस झाला होता. त्या बारावीच्या पोराने तो कागद आक्कांपुढे पसरला होता आणि आक्का त्यात एक चूक काढून बसल्या होत्या. पूर्वी छताला दोन नाही, तीन भोकं होती, म्हणाल्या. तिसरं त्यांच्या लग्नाच्या वर्षी बुजवलं, देवघराच्या वर. नवऱ्याने पेन्सिल घेतली आणि मी फोनवरून जागा विचारत राहिले.