प्ले स्टोअरच्या नव्या अटींनुसार ॲप अपडेट करताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

१. प्ले कन्सोलमधील ‘पॉलिसी स्टेटस’ आधी उघडा. तुमच्या ॲपला लागू असलेली मुदत तिथेच दिसते.

२. मोबाइल ॲपचे टार्गेट एपीआय किमान 35, म्हणजे अँड्रॉइड 15, ठेवा. 31 ऑगस्ट 2025 पासून अपडेटसाठी हीच अट आहे.

३. काम जूनमध्येच हाती घ्या. नव्या एपीआयची मुदत ऑगस्टअखेर येते.

४. आधी कंपाइल एसडीके वाढवा, मग टार्गेट एसडीके; बिघाड कुठे झाला ते लगेच कळते.

५. 33 वरून 35 वर जाताना 34 चे बदलही वाचा. मधले नियमही लागू होतात.

६. नोटिफिकेशनची परवानगी वापरकर्त्याकडे योग्य वेळी मागा; अँड्रॉइड 13 पासून ती गृहीत धरता येत नाही.

७. प्रत्येक फोरग्राउंड सर्व्हिसचा प्रकार मॅनिफेस्टमध्ये नोंदवा. टार्गेट 34 पासून तो नसेल तर ॲप क्रॅश होते.

८. नेटिव्ह लायब्ररी 16 केबी मेमरी पेजवर चालतात का, ते तपासा. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 टार्गेट करणाऱ्या अपडेटना हे बंधनकारक आहे.

९. मराठी मजकूर 200 टक्के फॉन्टवर पाहा. वेलांट्या, रफार आणि उकार कापले जाता कामा नयेत.

१०. आधी इंटर्नल टेस्टिंगमध्ये द्या. 100 जणांपर्यंत परीक्षक नेमता येतात.

११. अपडेट टप्प्याटप्प्याने सोडा. प्रत्येक टप्प्यावर क्रॅशचे प्रमाण पाहूनच पुढे जा.

काय टाळावे

१. नुसता आकडा बदलून अपलोड करू नका. बिल्ड झाला म्हणजे ॲप चालेलच असे नाही.

२. टार्गेटबरोबर मिन एसडीके उगाच वाढवू नका; जुना फोन वापरणाऱ्यांचे अपडेट बंद होते.

३. याच अपडेटमध्ये नवी फीचर्स घालू नका. दोष कशामुळे आला ते शोधता येत नाही.

४. न लागणाऱ्या परवानग्या ठेवू नका. एखादा फोटो निवडण्यासाठी फोटो पिकर पुरतो.

५. एज-टू-एज टाळण्याच्या सवलतीवर विसंबू नका. टार्गेट 36 करताच, अँड्रॉइड 16 वर ती चालत नाही.

६. फक्त एम्युलेटरवर तपासून थांबू नका. साधा, कमी रॅमचा खरा फोनही हातात घ्या.

७. तारीख आणि वेळ जोडून व्हर्जन कोड बनवू नका. तो 210 कोटींपलीकडे गेला की अपलोड होत नाही.

८. अपलोड की एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. तो बिघडला की अपडेट अडकते.

९. डेटा सेफ्टी फॉर्म जुनाच राहू देऊ नका. बाहेरच्या एसडीकेने घेतलेल्या माहितीची जबाबदारीही तुमचीच.

१०. बिघाड दिसल्यावर वाट पाहू नका, रोलआउट थांबवा. पोहोचलेले अपडेट मागे घेता येत नाही, वरच्या व्हर्जन कोडने दुरुस्त आवृत्तीच द्यावी लागते.

११. मुदत चुकली म्हणून ॲप वाऱ्यावर सोडू नका. टार्गेट 34 च्या खालचे ॲप नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या वापरकर्त्याला मिळत नाही.