क्रोमबुक घेण्याआधी कामांची यादी करा

वजनाला हलकं, काही सेकंदांत सुरू होणारं आणि नेहमीच्या लॅपटॉपपेक्षा बहुधा स्वस्त, म्हणून क्रोमबुककडे अनेकांचं लक्ष जातं. पण अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे, की हा निर्णय किमतीवर सोपवू नये. २०११ साली क्रोमबुक बाजारात आलं तेच ब्राउझरभोवती बेतलेलं. पुढे त्यात अँड्रॉइडची ॲप चालू लागली, लिनक्सची सोय झाली. विंडोजसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर मात्र त्यात थेट चालत नाहीत. म्हणून दहापैकी नऊ कामं ब्राउझरमध्ये होत असली, तरी निकाल लागतो तो दहाव्या कामावर.

पुण्यात हे दहावं काम बऱ्याच जणांकडे असतं. पेठांमधली डीटीपीची कामं वर्षानुवर्षं श्रीलिपीत झाली आहेत. ते सॉफ्टवेअर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं आणि विंडोजवर चालणारं. त्यातला जुना, युनिकोडमध्ये नसलेला मजकूर दुसरीकडे उघडला तर अक्षरं वाचताच येत नाहीत. दुकानाचा हिशेब संगणकावर बसवलेल्या टॅलीत असतो. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराच्या डिजिटल सहीचं यूएसबी टोकन मुख्यतः विंडोज गृहीत धरून बनवलेलं असतं. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्स हे विंडोजवरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर लागतं. या सगळ्यांनी क्रोमबुक घेऊ नये. उलट परदेशातल्या मुलांशी व्हिडिओ कॉल, ईमेल, बँकेचे व्यवहार, बिलं आणि युनिकोडमधलं मराठी लेखन एवढंच ज्या ज्येष्ठांना लागतं, त्यांना ते पुरतं. व्हायरसची धास्तीही कमी राहते.

नेट गेलं की यंत्र निरुपयोगी, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, वायफाय बंद पडतं. पण गूगल डॉक्स आणि जीमेलची ऑफलाइन सोय आधी चालू करून ठेवली तर लिहिणं-वाचणं थांबत नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बाकीचं भागतं. विंडोजचं काम दूरच्या संगणकाला जोडून करता येईल, असंही सुचवलं जातं. करता येतं, पण मग दुसरा संगणक सतत चालू ठेवावा लागतो आणि स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही. जुनं क्रोमबुक घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावं. २०२१पासूनच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं सुरक्षा अपडेट देतं, पण ती वर्षं आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत. यंत्र ज्या मूळ रचनेवर बेतलं आहे, ती बाजारात आल्यापासून ही वर्षं मोजतात. त्यामुळे अपडेट कधी संपणार ती तारीख पाहूनच पैसे द्यावेत.

दुकानात जाण्याआधी आठवडाभर सध्याच्या संगणकावर फक्त क्रोम ब्राउझर वापरा. ज्या कामासाठी त्याच्या बाहेर जावं लागेल, ते लिहून ठेवा. प्रिंटरही त्यात धरा. त्या यादीत रोजीरोटीचं एकही काम आलं, तर क्रोमबुक घेऊ नका. यादी कोरी राहिली, तर निर्धास्तपणे घ्या.