नोंदी आपल्या ताब्यात हव्यात

वाचनालयासाठी सॉफ्टवेअर घेताना कार्यकारिणी सहसा तीन गोष्टी विचारते. किंमत किती, बारकोड छापता येतात का, आणि अनुदानाच्या अहवालाचे तक्ते आपोआप निघतात का. उद्या हे सॉफ्टवेअर सोडावं लागलं तर आमच्या नोंदी आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे मात्र कोणी विचारत नाही. मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. या एका न विचारलेल्या प्रश्नापायी आमच्याकडे काय झालं, ते इतर वाचनालयांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

मी रुजू होण्याच्या आधीपासून आमच्याकडे एका व्यावसायिकाने दिलेलं सॉफ्टवेअर होतं. देवघेव सुरळीत चालायची. पुढे त्या व्यावसायिकाने काम बंद केलं, फोन लागेना. मग जुना संगणक बिघडला आणि नव्या संगणकावर सॉफ्टवेअर उघडेचना. मूळ फाइल खटपटीने हाती आली, पण तीत पुस्तकांची नावं मराठीत नव्हतीच. होती ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांची गिचमीड.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्या काळात संगणकीकरण झालेल्या कोणत्याही वाचनालयात ते दडलेलं असू शकतं. युनिकोड सरसकट वापरात येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणं बसवलेली असत. पडद्यावर ‘श्यामची आई’ दिसायचं, पण आत साठवलेलं असायचं भलतंच. तो फाँट नसला की नाव वाचता येत नाही.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात आणि ते बरंच काम करतात. उरलेलं काम माणसालाच करावं लागतं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, आणि ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’सुद्धा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. त्यामुळे पुस्तक कपाटात असूनही शोधात ‘नाही’ असं उत्तर येतं आणि सभासद रिकाम्या हाताने परत जातो. लेखकांच्या नावांचंही तेच. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ हे तिघे वेगळे लेखक ठरतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे तर संगणकाला सांगितल्याशिवाय कळणारच नाही. म्हणून नावाचं एक प्रमाण रूप ठरवून, ते लिहून काढून, टंकलेखन करणाऱ्याच्या टेबलावर लावा. हे आधी झालं तर पुढचे महिने वाचतात.

आम्हाला तारलं ते दाखलनोंद रजिस्टरने. फाइलमधले दाखल अंक शाबूत होते, त्यामुळे एकेक अंक रजिस्टरशी ताडून नावं दुरुस्त करता आली. संगणक आला म्हणून रजिस्टर लिहिणं बंद केलेली वाचनालयं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं मला अनेक जण विचारतात. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमध्ये तयार झालं, तिथल्या एका वाचनालयात २००० साली सुरू झालं, आणि ते मुक्त आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ आहे, महाविद्यालयांत इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ चालतं. माझं मत कोहाच्या बाजूने आहे, पण मोफत मिळणारं सॉफ्टवेअर सांभाळायला जाणता माणूस लागतो, त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. आणि काहीही घेतलंत तरी करारात एक ओळ हवीच: सर्व नोंदी युनिकोडमध्ये, मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात, मागू तेव्हा विनामूल्य मिळतील. मार्च अखेरीला अनुदान संपवण्याच्या घाईत ही ओळ राहून जाते. नुसत्या ओळीवरही थांबू नका. पैसे देण्यापूर्वी शे-दोनशे नोंदी बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

बॅकअप त्याच संगणकात ठेवला तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही. एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर हवी आणि एक इंटरनेटपासून तोडलेली. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिची मुख्य तालिका लोकांना पुन्हा पाहता यायला जानेवारी २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपण किती जपायला हवं!

ई-पुस्तकांबाबत सभासदांना आधीच स्पष्ट सांगावं. आपण बहुतेक वेळा पुस्तक विकत घेत नाही, ठरावीक मुदतीचा परवाना घेतो. २०११ साली हार्परकॉलिन्सने वाचनालयांना दिलेलं ई-पुस्तक २६ वेळा वाचकांकडे गेलं की परवाना संपेल, असा नियम केला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. पैसे परत दिले, पण वाचकांच्या संग्रहातली पुस्तकं गेली. म्हणून ज्या पुस्तकाला सतत मागणी आहे, ते छापील घ्या. परवान्याचे पैसे संदर्भग्रंथ आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर खर्च करा, ती तशीही दर काही वर्षांनी जुनी होतात.

जुनी पुस्तकं स्कॅन करायची असतील तर लेखकाच्या निधनाचं वर्ष आधी पाहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं साहित्य २०११पासून खुलं आहे. पुलंचं साहित्य मात्र २०६०च्या अखेरपर्यंत खुलं होणार नाही. आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला २०१२च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांना मुभा दिली आहे, पण ती सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकण्याची परवानगी समजू नये.

तुमच्या वाचनालयात आज जे सॉफ्टवेअर चालू आहे, त्यातून नोंदींची पूर्ण प्रत या आठवड्यातच मागून घ्या. ती देणारा माणूस फोन उचलतो आहे, तोवरच.